उत्तेजनार्थ

मुलांच्या कलागुणांना मोठ्यांकडून मिळणारे उत्तेजन आकाराने फार लहान असते. ‘वा’ एका अक्षराचे, ‘छान’ दोन अक्षरांचे. ‘शाब्बास’पर्यंत सहसा कोणी जात नाही. देणाऱ्याचे लक्ष त्या वेळी पेपरात, फोनमध्ये किंवा कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात असते आणि दहा मिनिटांत तो ते विसरूनही जातो. घेणारा मात्र विसरत नाही. पंचावन्न वर्षांच्या बँक अधिकाऱ्याला स्वतःचा पहिला पगार आठवेलच असे नाही. पण तिसरीत बाईंनी त्याचे चित्र उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवले होते आणि त्यातल्या घराला दारे दोन असली तरी खिडकी एकही नव्हती, हे तो न विचारता सांगतो.

उत्तेजनाची गरज पहिल्यांदा पडते ती दीड-दोन वर्षांच्या वयात, हाती खडू लागतो तेव्हा. या रेघोट्यांना विषय नसतो. हात फिरला की खूण उमटते, एवढ्यावरच मूल खूश असते. घरात कागद असतो, पण भिंत मोठी असते. भिंतीवर चित्रे काढण्याची महाराष्ट्राची परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. मात्र अजिंठ्याच्या चित्रकारांना डिपॉझिट अडवून ठेवणारा घरमालक नव्हता. त्यामुळे आजच्या मुलाला कलेबद्दलचा पहिला अभिप्राय ऐकू येतो तो बहुधा ‘अरे, अरे, अरे!’ असा.

तीन-चार वर्षांच्या सुमारास चित्रात माणूस येतो. एक मोठे वर्तुळ, त्यात दोन डोळे आणि वर्तुळातूनच थेट खाली सोडलेले दोन पाय. मान नाही, पोट नाही. हात असलेच तर कानांच्या जागी फुटलेले. जगभरची मुले या टप्प्यातून जातात आणि बालचित्रकलेच्या अभ्यासकांना त्यात काही वावगे वाटत नाही. वडिलांना वाटते, कारण ‘हे कोण?’ या प्रश्नाचे उत्तर ‘बाबा’ असे आलेले असते. अशा वेळी घरात आजी असावी लागते. ‘अगंबाई, डोळे अगदी त्याचेच की गं!’ असे ती ठामपणे सांगते. तिचा चष्मा त्या वेळी आतल्या खोलीत असतो, पण त्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी मूल आणखी सात बाबा काढते.

कौतुकापाठोपाठ वारसाहक्काचा वाद सुरू होतो. मूल गोड गायले, नक्कल छान केली, की ते कोणावर गेले हे ठरवावे लागते. ‘आमच्या अण्णांचा गळा असाच होता,’ असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष मावशीने शाळेत मिळवलेली ढाल पुढे करतो. अण्णा हयात नसतात आणि ढाल सापडत नाही, त्यामुळे निकाल लागत नाही. मुलाच्या दृष्टीने हा वाद फार उपयोगी असतो. आपल्यात काहीतरी आहे आणि त्यासाठी दोन घराणी भांडत आहेत, एवढे त्याला कळते. तेच मूल सोफ्यावर शाई सांडते तेव्हा दोन्ही पक्ष उदारपणे एकमेकांकडे बोट दाखवतात.

मराठी घरांतल्या उत्तेजनाचा खरा विशेष मात्र वेगळाच आहे: ते सहसा तोंडावर दिले जात नाही. तोंडावर कौतुक केले की मूल शेफारते, किंवा त्याला दृष्ट लागते, असा समज आहे. तेव्हा मुलासमोर ‘बरं आहे, अक्षर सुधार’ म्हणायचे आणि ते वळल्यावर स्वयंपाकघरात हलक्या आवाजात ‘काय सुंदर लिहिलंय कार्ट्यानं!’ म्हणायचे, अशी रीत आहे. हा हलका आवाज दाराआड उभ्या असलेल्या मुलाला नेमका ऐकू जातो. अभ्यासाला बसण्याच्या पाच हाका ऐकू न येणाऱ्या कानांना कुजबुजीतले कौतुक एका फटक्यात ऐकू येते, यावर वैद्यकशास्त्राने अजून विचार केलेला दिसत नाही. कौतुक असे परस्पर आले की त्याची किंमतही वाढते. समोर दिलेली शाबासकी ‘बरे वाटावे म्हणून’ असू शकते; चोरून ऐकलेल्या शाबासकीबद्दल तशी शंका घेता येत नाही.

या परस्पर कौतुकाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मंगेशकरांच्या घरातले आहे. लता मंगेशकर मुलाखतींतून सांगत त्यानुसार, दीनानाथ एका शिष्याला पूरिया धनाश्री घोकायला सांगून बाहेर गेले होते. शिष्य चुकला. जवळच खेळणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या लताने आत जाऊन ‘असं नाही, असं’ करत ती जागा गाऊन दाखवली, आणि नेमके तेव्हाच दीनानाथ दारात येऊन उभे राहिले. मुलगी गाते हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हते. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली नाही की खाऊ दिला नाही. गवई तर आपल्या घरातच आहे, या अर्थाचे जे काही सांगायचे ते त्यांनी पत्नीला, माईंना, सांगितले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला उठवून तंबोऱ्यासमोर बसवले. बक्षीस म्हणून झोपमोड मिळाली आणि ते बक्षीस पुढे सात-आठ दशके पुरले. त्या शिष्याला त्या दिवशी काय वाटले याची चौकशी इतिहासाने केलेली नाही. उत्तेजनाची थोडी गरज त्यालाही असणार.

परस्पर कौतुकाच्या अगदी उलट टोकाला पाहुण्यांसमोरचे सादरीकरण असते. ‘काकांना गाणं म्हणून दाखव’ हा आदेश पोह्यांच्या बशा येण्याच्या थोडा आधी सुटतो. मूल आईच्या पदराआड किंवा ओढणीआड जाते. आग्रह वाढतो. ‘एरवी दिवसभर म्हणत असते हो,’ असा खुलासा पाहुण्यांना दिला जातो, ‘आत्ताच काय झालंय कोण जाणे.’ शेवटी मूल जमिनीकडे पाहत एका दमात, कोठेही श्वास न घेता सगळी कडवी उरकते आणि आत पळते. पाहुणे ‘गोड गळा आहे’ म्हणून पोह्यांकडे वळतात. काही घरांत मामा खिशातून नोट काढतो. ती ‘ठेवायला’ म्हणून आईकडे जाते आणि पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. या प्रकाराने गायक किती घडले हे सांगता येणार नाही, पण घरात पोहे कशासाठी केले जातात याची जाण मुलांना लवकर येते.

आता हे काम बरेचसे व्हॉट्सअॅपवर होते. ‘आपलं कुटुंब’ नावाच्या ग्रुपवर चित्राचा फोटो टाकला की अर्ध्या मिनिटात टाळ्यांचे हात उगवतात. त्यांतले निम्मे हात फोटो उघडण्याआधीच वाजलेले असतात. एका काकांनी तर वाढदिवस समजून शतायुषी होण्याचा आशीर्वादही दिलेला असतो. मुलांना हा फरक चटकन कळतो. चित्रातली मांजर जिन्यावर का बसली आहे असे विचारणारी एक आत्या त्यांना चाळीस टाळ्यांहून जास्त आवडते, कारण मांजर जिन्यावर आहे हे तिने पाहिलेले असते. आत्याने फक्त विचारायचे असते. पुढची वीस मिनिटे उत्तर ऐकण्याची तयारी हवी.

उत्तेजनाचा अतिरेक कसा होतो हे दिवाळीच्या सुट्टीत दिसते. किल्ला करायचा म्हणून मुले दगड, विटा, गोणपाट आणि माती गोळा करतात. अळीव किंवा मोहरी पेरायची असते, दरवाजाहून उंच मावळे तयार असतात आणि गुहेत वाघ बसवायचा की नाही यावर मतभेद चालू असतात. इतक्यात एखादे वडील ‘जरा बघू’ म्हणत उकिडवे बसतात. बुरूज ‘थोडासा’ वाकडा असतो, तो ते सरळ करून देतात. मग त्यांना आपले बालपण आठवते. संध्याकाळपर्यंत ते फोनवर रायगडाचा नकाशा उघडून महादरवाजाची दिशा तपासत असतात आणि मुलांकडे फक्त पाणी आणण्याचे खाते उरते. तिसऱ्या दिवशी मुले क्रिकेट खेळायला निघून गेलेली असतात आणि वडील एकटेच माचीवर तोफा बसवत असतात. मंडळाच्या किल्ले स्पर्धेत नंबर येतो. प्रशस्तिपत्रकावर नाव मुलाचे असते आणि ते नीट फ्रेम करून घेतो तो बाप.

याचा उलटा प्रकार, म्हणजे वडिलांच्या वेडात मुलांनी ओढले जाणे, त्या मानाने कमी घातक दिसतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदासाच्या भूमिकेत आपल्या मुलाला, भालचंद्राला, उभे केले आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये छोट्या मंदाकिनीला कृष्ण केले. ‘जा, खेळ जरा’ म्हणण्याऐवजी ‘ये, काम आहे’ म्हणणे हेही उत्तेजनच आहे, फक्त त्यात कॅमेऱ्यासमोर कालियाशी झुंजावे लागते.

शाळेत उत्तेजनाला लाल शाई मिळते. वहीच्या कोपऱ्यात ‘गुड’, फारच झाले तर ‘व्हेरी गुड’ आणि एक चांदणी. चित्रकलेच्या तासाला विषय ठरलेला: निसर्गदृश्य. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा किंवा मावळणारा सूर्य, डोंगरातून निघून झोपडीला चिकटून जाणारी नदी आणि नारळाचे एक झाड. अवर्षणग्रस्त भागातल्या मुलांच्या वहीतही ही नदी दुथडी भरून वाहते. एखाद्याने सूर्य काढायचा सोडून विजेचा खांब काढला तर शिक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहावे. त्या क्षणी ‘हे काय काढलंस?’ हे वाक्य कोणत्या सुरात निघते यावर बरेच काही ठरते. अर्थात तो तास झाला तर. वार्षिक परीक्षा जवळ आली की गणिताचे सर चित्रकलेचा तास मागून घेतात, आणि चित्रकलेच्या सरांनी गणिताचा तास मागून घेतल्याची नोंद कोठेही सापडत नाही.

अशाच एका तासात, म्हैसूरमध्ये, शिक्षकांनी मुलांना झाडाचे पान काढायला सांगितले होते. एका मुलाने पिंपळाचे पान काढले आणि शिक्षकांनी त्याचे कौतुक केले. तो मुलगा आर. के. लक्ष्मण. आपण चित्रकार होणार असे तेव्हापासून वाटू लागल्याचे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. मोठेपणी त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे प्रवेशासाठी अर्ज केला, तेव्हा संस्थेत घेण्याजोगे गुण त्यांच्या चित्रांत नाहीत, असे अधिष्ठात्यांनी कळवले. एका बाजूला नामांकित संस्थेचे रीतसर पत्र, दुसऱ्या बाजूला शाळामास्तरांनी पिंपळाच्या पानाबद्दल काढलेले चार शब्द. लक्ष्मण यांनी मास्तरांचे ऐकले. नंतर त्याच मुंबईत त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे चित्रे काढली आणि चौकड्यांच्या कोटातला, धोतर नेसलेला त्यांचा ‘कॉमन मॅन’ आता पुतळा होऊन उभा आहे. लहानपणी पोचलेले कौतुक एवढे टणक असते, की पुढे संस्थांनाही ते फोडता येत नाही.

स्नेहसंमेलनात उत्तेजनाची कसोटी अधिक कडक असते. नाटकात भूमिका बारा आणि मुले अठ्ठेचाळीस, तेव्हा उरलेल्या छत्तीस जणांना झाडे, दगड, मावळे आणि ‘गावकरी’ व्हावे लागते. दोन तास हिरवा क्रेप कागद गुंडाळून उभ्या राहिलेल्या मुलाला घरी गेल्यावर काय सांगायचे, हा अवघड प्रश्न आहे. मातांनी तो सोडवला आहे. ‘बाकीची झाडं हलत होती. तू एकटाच कसा छान उभा होतास!’ हे वाक्य ज्या आईला सुचते तिच्या मुलाच्या हातून रंगभूमी सहसा सुटत नाही. मराठीत मुलांसाठी गंभीरपणे रंगभूमी उभी करणाऱ्या सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ करून सुरुवात केली. त्यानंतर कित्येक पिढ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत राक्षस आणि चेटकिणी पाहिल्या. घरी येऊन चादर पांघरून तोच राक्षस पुन्हा करणाऱ्या मुलाला बघून आजोबा खरोखरच दचकले, तर त्यांनाही या चळवळीचे हितचिंतक मानावे लागेल. खोटे दचकणेही चालते, पण ते नीट जमायला हवे. मुलांना नाटक कळते.

गणेशोत्सवात उत्तेजनाला संस्थात्मक रूप येते. चित्रकला, रांगोळी, वेशभूषा, पाठांतर: प्रत्येक स्पर्धेत पहिला, दुसरा, तिसरा आणि दोन उत्तेजनार्थ. लहान गटात स्पर्धक पाचच असले तर निकाल फार समाधानकारक लागतो. बक्षिसात प्लास्टिकचा डबा, कंपासपेटी आणि नावात एक चूक असलेले प्रशस्तिपत्रक मिळते. उत्तेजनार्थ बक्षिसाला मोठी माणसे हसतात, पण पहिल्या क्रमांकापेक्षा ते जास्त दिवस पुरते. पहिला आलेला दुसऱ्या दिवशी विसरतो. उत्तेजनार्थवाला पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो, कारण त्याचे काम अर्धवट राहिलेले असते.

इतिहासातले सर्वांत किफायतशीर उत्तेजनार्थ बक्षीस एका शब्दाचे होते आणि ते लोकमान्य टिळकांनी दिले, असे सांगतात. नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या साधारण दहा वर्षांच्या मुलाचे गाणे ऐकून ते ‘बालगंधर्व’ म्हणाले. टिळकांना त्या काळात इतरही बरेच उद्योग होते, तरी हा एक शब्द नाट्यसंगीताला पुरून उरला. मुलगा मोठा झाला, कंपनीचा मालक झाला, कर्जात बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला, आणि १९६७ मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी त्याने जगाचा निरोप घेतला तेव्हाही तो ‘बाल’च होता. पुढच्याच वर्षी पुण्यात त्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. हे पाहून पुढच्या पिढ्यांतल्या काकांनीही पदव्या वाटायला सुरुवात केली. एका सोसायटीत दोन सचिन आणि तीन लता असणे त्यामुळे नेहमीचे झाले. पदवी देणाऱ्याला गाण्यातले काही कळत असावे, ही अट मधल्या काळात गळून पडली.

उत्तेजनाची मात्रा किती असावी यावर मानसशास्त्रज्ञांनी विचार केला आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालवाडीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुळातच चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्क्याचे आणि लाल फितीचे प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता, चित्र झाल्यावर अचानक दिले. उरलेल्यांना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेने नुसती ठेवून दिली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र टिकून होता. नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मुलांनी व्हॅन गॉगच्या गुलाबांची नक्कल केली आणि त्यांना चित्रकाराच्या नावाने शेरे मिळाले: काहींना ‘सुंदर’, काहींना ‘विलक्षण सुंदर’. ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी होता अशी मुले ‘विलक्षण’ मिळाल्यावर पुढचे चित्र सोपे निवडू लागली. एवढ्या उंचीवरून पडण्याची भीती त्यांना वाटली असावी. या निष्कर्षांनी मराठी पालकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्या भाषेत उत्कृष्ट चित्राला ‘वाईट नाही’ म्हणतात आणि अप्रतिम गाण्याला ‘ठीक झालं, थोडं सर्दीसारखं वाटलं’, तिथे विशेषणांच्या अतिसेवनाचा धोका मर्यादित आहे.

आधी कबूल केलेल्या बक्षिसाचा प्रयोग मात्र महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर चालू आहे. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एलिमेंटरीनंतर इंटरमिजिएट उत्तीर्ण झाले, की दहावीच्या निकालात श्रेणीप्रमाणे ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात. मूळ हेतू चित्रकलेला मान मिळावा हा होता, आणि मान मिळालाही. ज्या घरात रंगपेटीला ‘पसारा’ म्हणत, तिथे सकाळी सहाला ‘स्थिरचित्राचा सराव झाला का?’ असे विचारले जाऊ लागले. मडके, कांदे आणि घडी पडलेले फडके टेबलावर आठवडाभर कोणी हलवत नाही. भाजीला कांदा लागला तरी दुसरा आणतात. निकाल लागतो, अ श्रेणी मिळते, पेढे वाटले जातात आणि रंगपेटी माळ्यावर जाते. मडके पुन्हा पाण्याला लागते.

इथे ‘अभ्यास सांभाळून’ या शर्तीचा उल्लेख करावा लागतो. मराठी उत्तेजनाला ती जन्मतःच जोडलेली असते. ‘गा की, अभ्यास सांभाळून.’ ‘तबला शीक, अभ्यास सांभाळून.’ आठवीपर्यंत शर्तीतला पहिला भाग मोठ्याने आणि दुसरा हळू म्हणतात. नववीत दोन्ही सारखे होतात. दहावीच्या जूनपासून पहिला भाग ऐकूच येत नाही. या शर्तीला हसणे सोपे आहे. पण ती घालणाऱ्यांनी कलावंतांची पोटे पाठीला लागलेली पाहिलेली असतात, आणि ती भीती नाटकी नसते. गंमत एवढीच, की अभ्यास सांभाळून कला करणाऱ्यांतले बरेच जण पुढे ऑफिसातही कला सांभाळूनच काम करतात, आणि गॅदरिंगचे नाटक जवळ आले की त्यांच्या टेबलावरच्या फायली थांबतात.

शब्दांपेक्षा वस्तू अधिक काळ काम करतात असे दिसते. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनच्या बारा वड्यांच्या रंगपेटीने जेवढे उत्तेजन दिले तेवढे बारा भाषणांनी दिले नसते; तिच्यातली पांढरी वडी पहिल्याच दिवशी करडी होते, हे मान्य करूनही. १९७१ मध्ये ‘बालभारती’ने काढलेले ‘किशोर’, रद्दीवाल्याकडून सोडवून आणलेले पाठकोरे कागद, आजोबांची एक बाजू बंद पडलेली पेटी, मोडका कॅमेरा: यातले काहीही घरात सहज हाती लागेल असे पडलेले असले, की पुढचे मूल स्वतः पाहून घेते. मोठ्यांनी एवढेच करायचे असते, की ती वस्तू आवरून ठेवायची नाही. आवरण्याच्या सवयीने घराघरांतली किती कला कपाटबंद झाली असेल याचा अंदाज करणे कठीण आहे.

लहानपणी न मिळालेले उत्तेजन निवृत्तीनंतर वसूल करता येते. शहरांतल्या पेटीच्या आणि सुगम संगीताच्या क्लासांत दुपारच्या बॅचला साठीपुढचे विद्यार्थी असतात. शिकवणारी मुलगी पंचविशीची असते. ‘काका, आज भूप छान झाला हं,’ असे ती जाता जाता म्हणते. काका ते घरी दोनदा सांगतात, मुलाला फोनवर एकदा सांगतात आणि संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून रियाजाला बसतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘सायंकाळी सातनंतर वाद्ये वाजवण्याबाबत’ हा विषय साधारण त्याच सुमारास पत्रिकेवर येतो.